आधी अंग, मग श्वास, शेवटी ध्यान : शाळेच्या आरोग्याच्या तासात योग आणताना

दहावीची मुलं ताणाखाली आहेत हे शाळेच्या लक्षात येतं साधारण जानेवारीच्या अखेरीस. मग कुणातरी योगशिक्षकांना बोलावलं जातं, अख्खी शाळा मैदानात बसते, 'डोळे मिटा, मन शांत करा' अशी सूचना माईकवरून येते, फोटो निघतात. त्यानंतर थेट २१ जूनलाच सतरंज्या बाहेर निघतात. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही जिल्ह्यात गेलात तरी चित्र फारसं वेगळं दिसत नाही.

शाळांची तळमळ खरी असते, पण क्रम उलटा लागतो. घाबरलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी डोळे मिटून गप्प बसवलं की त्याच्यासमोर फक्त त्याचे विचार उरतात. गणिताचा पेपर, कपाशीचा पडलेला भाव, रात्री घरात झालेलं भांडण. तो चुळबुळ करतो, शेजारच्याला हसवतो, आपण ओरडतो. दोन आठवड्यांत मुलं योगाला वैतागतात.

आठवी ते दहावीला आरोग्य व शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्यांसाठी खालचे टप्पे आहेत. पाचवी ते सातवीला हेच चालेल, वेळ निम्मा करा. एकही टप्पा गाळू नका, आणि पुढचा आधी घेऊ नका.

## टप्पा १ : तास आणि जागा ठरवा (जूनच्या पहिल्या आठवड्यात)

आधी जेवणाची वेळ बघा. पोटावर झोपून किंवा पुढे वाकून करायच्या आसनांसाठी पोटभर जेवणानंतर अडीच ते तीन तास जायला हवेत. शाळा अकरा ते पाच असेल तर मधल्या सुट्टीनंतरचे पहिले दोन तास बाद. खिचडी खाऊन आलेल्या मुलाला भुजंगासन घालायला लावलं की त्याला मळमळतं आणि त्याच्या डोक्यात योग म्हणजे मळमळ असं बसतं ते कायमचं. शेवटचा तास मिळाला तर उत्तम. सकाळचा पहिला तास मिळाला तर लक्षात ठेवा, खेड्यावरून येणारी बरीच मुलं दहाच्या सुमाराला भाकरी खाऊन एसटीत बसलेली असतात. त्यांच्याकडून उभ्याने करायचे हलके प्रकार आणि श्वास एवढंच घ्या.

शनिवारची सकाळची शाळा आसनांना सगळ्यात चांगली. फक्त त्या दिवशी काही मुलं आदल्या रात्रीनंतर घोटभर चहाही न घेता आलेली असतात. तास सुरू करण्यापूर्वी विचारा: 'कुणी काहीच खाल्लं नाही?' हात वर करणाऱ्यांना पाणी द्या, जवळ असेल तर एखादं केळ द्या, आणि त्या दिवशी त्यांचे बसूनच प्रकार घ्या.

मग ऋतू. मार्चनंतर भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिशीकडे धावतो आणि पत्र्याच्या वर्गात दुपारी श्वास घेणंही जड होतं. आसनांचा काळ जून ते फेब्रुवारी असाच धरा. मार्च-एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेत, पहिल्या तासाला, व्हरांड्यात किंवा लिंबाच्या सावलीत फक्त श्वासाचे प्रकार. डिसेंबर-जानेवारीत उलटी अडचण. शहाबादी फरशी इतकी गार असते की मुलं अंग आखडूनच झोपतात. सतरंजी नसेल तर घरून आणलेलं गोणपाट किंवा जुनी गोधडी चालते.

हॉल नाही म्हणून थांबू नका. साठ मुलं, बाकं आणि मधे अरुंद वाट, एवढ्यातही पुढचं निम्म्याहून जास्त काम होतं.

तपासून घ्या : आठवड्यात दोन ठरलेले तास आणि रोज पाच मिनिटं मिळत आहेत का? आठवड्यातून एकदाच, पण पूर्ण तासभर, असं केलं तर सवय लागत नाही. तास कमी मिळाले तरी चालेल, रोजची पाच मिनिटं सोडू नका.

## टप्पा २ : आरोग्याची वही

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो, आणि धोका नेमका इथेच आहे. प्रत्येक मुलाचं अर्धं पान. पालकसभेत भरून घ्या, नाहीतर घरी पाठवा. लिहिता न येणाऱ्या पालकांना तोंडी विचारून तुम्ही भरा. प्रश्न मोजकेच:

दमा आहे का? कधी फिट आली होती का? हृदयाचा काही त्रास? हर्निया किंवा वर्षभरातलं ऑपरेशन? हात-पाय मोडला होता का? उभं राहिलं की चक्कर येते का? सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी झाली आहे का, झाली असेल तर काय निघालं?

शेवटचा प्रश्न आपल्याकडे विसरून चालणार नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. अशा मुलाला अंगातलं पाणी कमी झालं, गारठा लागला किंवा दम लागेपर्यंत श्रम झाले की असह्य दुखण्याचा झटका येऊ शकतो. त्याच्यासाठी नियम स्पष्ट ठेवा: तासाआधी आणि तासानंतर पाणी, गार फरशीवर झोपणं नाही, श्वास रोखून धरणं नाही, सूर्यनमस्कारांच्या लांबलचक फेऱ्या नाहीत. हलकी आसनं आणि संथ श्वास त्याला डॉक्टरांना विचारून करू द्या. आश्रमशाळेत ही माहिती अधीक्षक आणि परिचारिका यांच्याकडे असते, मागून घ्या.

दमा किंवा फिटचा त्रास असलेल्या मुलांना जलद श्वासाचे प्रकार अजिबात नाहीत. जोरजोरात श्वास घेतल्याने काही मुलांची फिट चाळवते.

सावध : ही वही स्टाफरूमच्या टेबलावर पडू देऊ नका. कपाटात, कुलपात ठेवा. आजाराचं नाव वर्गात उच्चारू नका.

सुरुवातीलाच वर्गाला एक मुभा जाहीर करा. कुणालाही, कुठल्याही दिवशी, कारण न सांगता 'आज बसून करतो' किंवा 'आज बसून करते' म्हणता येईल. ही सोय मुलामुली दोघांना द्या. म्हणजे पाळीच्या दिवसांत मुलीला सगळ्यांसमोर काही सांगावं लागत नाही, आणि रात्रभर शेतात पाणी भरून आलेला मुलगाही गुपचूप बसू शकतो.

## टप्पा ३ : पालकांशी बोलणं

पालकसभेत दहा मिनिटं मागून घ्या. बोलण्यापेक्षा करून दाखवा: ताडासन, दोन मिनिटं संथ श्वास, झालं. 'यानं मार्क वाढतील' असं वचन देऊ नका. ते खरं ठरेलच असं नाही, आणि तसं सांगितलं की घरी 'योग करून पण एवढेच मार्क?' हा नवा ताण तयार होतो.

रावेर, भुसावळपासून नवापूरपर्यंत आपल्या वर्गांत वेगवेगळ्या धर्मांची मुलं शेजारी बसतात. ओंकार, श्लोक, सूर्यनमस्काराचे मंत्र कुणावर लादू नका. त्यांच्याविनाही हा तास पूर्ण होतो. ओंकाराच्या जागी नुसता 'म्म्म' असा गुंजारव घ्या, श्वास तितकाच लांबतो. संविधानाचं कलम २८ शाळेतल्या धार्मिक शिक्षणाबद्दल आहे. मुख्याध्यापकांसोबत ते एकदा वाचून ठेवलं तर पुढचे वाद टळतात.

## टप्पा ४ : तुमची स्वतःची तयारी

जे वर्गात घेणार ते आधी पंधरा दिवस स्वतः करा. पुस्तकात बघून सूचना देणारा शिक्षक मुलं लगेच ओळखतात.

सूचना मुलांच्या बोलीत द्या. 'दीर्घ श्वसन करून शरीर शिथिल करा' हे वाक्य नववीतल्या मुलाला परकं वाटतं. अहिराणीत 'आते दम धीरे धीरे सोडा' म्हटलं की खांदे खाली येतात. धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी किंवा भिली बोलणाऱ्या एखाद्या मुलालाच सूचना सांगायला उभं करा.

सावध : आसन सुधारायला मुलांना हात लावू नका. समोर उभं राहून करून दाखवा, तोंडाने सांगा. पुरुष शिक्षक आणि मुली असा प्रश्न असो वा नसो, नियम सगळ्यांना एकच.

## टप्पा ५ : पहिले तीन आठवडे फक्त अंग

या काळात 'ध्यान' हा शब्दही काढू नका. दहावीतलं मूल बाकावरून उठतं तेव्हा नीट पाहा. खांदे कानाकडे चढलेले, मान पुढे, जबडा घट्ट, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकलेला. एवढं आवळलेलं अंग घेऊन कुणालाच स्वस्थ बसता येत नाही. आधी ते सोडवायचं.

क्रम असा, एकूण बारा ते पंधरा मिनिटं:

१. मान आणि खांदे. मान डावीकडे, उजवीकडे, हनुवटी छातीकडे. पूर्ण गोल फिरवून मागे टाकायची नाही. खांदे वर उचलून एकदम सोडून द्यायचे, पाच वेळा. सोडताना तोंडाने 'हाऽऽ' करू द्या. मुलं हसतात, हसू द्या.

२. ताडासन. हात वर, टाचा उचलून. तोल जातो तेव्हा लक्ष आपोआप पायांवर येतं, तेच हवं आहे.

३. कटिचक्रासन (कंबरेतून दोन्हीकडे वळणं) आणि अर्धकटिचक्रासन (बाजूला वाकणं). बाकांमधल्या वाटेत उभं राहून सहज होतात. गती तुमची नको, मुलांच्या श्वासाची हवी.

४. वृक्षासन. एक हात बाकावर किंवा भिंतीला. नजर फळ्यावरच्या एका खुणेवर. कोण जास्त वेळ उभं राहतं अशी स्पर्धा लावू नका.

५. जागा असेल तर खाली: मार्जारासन, भुजंगासन, शशांकासन, याच क्रमाने. पाठ मागे वाकवली की पुढे वाकवून मोकळी करायचीच.

६. विश्रांती, दोन-तीन मिनिटं. मिश्र वर्गात शवासनात झोपायला मुली संकोचतात आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांना मकरासनात पोटावर झोपू द्या, किंवा बाकावर हातांची घडी घालून त्यावर डोकं टेकू द्या. विश्रांतीत कुणी झोपी गेलं तर उठवू नका. रब्बीत शेतीची वीज रात्री येते, गव्हाला पाणी द्यायला बापाबरोबर जागलेलं मूल असेल. तास संपल्यावर खांद्याशी हलक्या आवाजात हाक मारा.

शीर्षासन, सर्वांगासन, हलासन शाळेत घेऊ नका. मानेला इजा झाली तर ती सावरणं तुमच्या हातात राहत नाही. पुढे वाकून वर येताना सगळ्यांना सावकाश यायला लावा. आपल्या मुलींमध्ये रक्त कमी असणं सर्रास आढळतं, झटक्याने उठल्या की डोळ्यांसमोर अंधारी येते.

तपासून घ्या : तिसऱ्या आठवड्याअखेर सूचना न देता मुलं पहिले चार प्रकार क्रमाने करतात का? करत असतील तर पुढे चला. नसतील तर आणखी एक आठवडा हेच.

## टप्पा ६ : श्वास

संपूर्ण मार्गदर्शनातला सगळ्यात उपयोगी भाग हा आहे, म्हणून इथे घाई नको.

पहिली चूक मुलांचीच असते. 'मोठा श्वास घ्या' म्हटलं की ती छाती फुगवतात, पोट आत ओढतात, खांदे वर नेतात. अगदी उलट. एक तळवा बेंबीवर ठेवायला सांगा. श्वास आत जाताना तळवा बाहेर ढकलला गेला पाहिजे, बाहेर जाताना आत आला पाहिजे. झोपून करत असतील तर पोटावर वही ठेवा आणि वही वर-खाली होते का ते त्यांनाच बघू द्या. नुसतं एवढं जमायला काहींना आठवडा लागतो. लागू द्या.

त्यानंतर मुलांना कारण दाखवा. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या खालच्या बाजूला, नाडी सापडेपर्यंत. आता संथ श्वास घ्यायचा आणि नाडीकडे लक्ष ठेवायचं. या वयात बहुतेकांना स्पष्ट जाणवतं की श्वास आत घेताना ठोके किंचित भरभर पडतात आणि सोडताना हळू होतात. श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस नावाची नस हृदयाला आवर घालते, म्हणून. एखादा पोरगा 'सर, खरंच हळू झाली!' म्हणून ओरडतो, आणि मग पुढचं कुणाला पटवावं लागत नाही. सोडणं लांबवलं की शरीर आवरतं, हे त्यांनी स्वतःच्या मनगटावर अनुभवलेलं असतं.

मग मोजणी. तीन आकडे घ्यायला, चार सोडायला. आठवड्याने चार घ्यायला, सहा सोडायला. दर आकडा एक सेकंदाचा धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात, बसल्याजागी आपला नेहमीचा वेग याच्या दुप्पट किंवा जास्त असतो. पाच मिनिटांपेक्षा जास्त नको. ज्याला सहा आकडे पुरत नाहीत त्याने चारवर थांबावं. ओढून-ताणून सोडलेला श्वास पुढचा श्वास हपापून घ्यायला लावतो.

भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना तोच 'म्म्म' गुंजारव, पाच वेळा, कानावर बोटं हलकी. लहान वर्गांना हे फार आवडतं. अनुलोम-विलोम घ्यायचा तर श्वास न रोखता. नाक चोंदलेल्यांना जबरदस्ती नको, त्यांनी नुसतं तोंडाने लांब सोडावं.

सावध : कपालभाती आणि भस्त्रिका ताण आलेल्या मुलांच्या वर्गात घेऊ नका. टीव्हीवर बघून शिक्षकांना तेच सगळ्यात आधी घ्यावंसं वाटतं. जलद श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, चक्कर येते. भीतीचा झटका येतो तेव्हाही नेमकं असंच होतं. आधीच घाबरलेल्या मुलीला यातून शांत वाटेल अशी अपेक्षा चुकीची आहे. कुणाला चक्कर आलीच तर मोजणी थांबवा, खाली बसवा, नेहमीसारखा श्वास घेऊ द्या.

## टप्पा ७ : आता शांत बसणं

अंग आणि श्वास मिळून सहा ते आठ आठवडे झाले की ध्यान. म्हणजे जूनला सुरुवात केली तर ऑगस्टच्या मध्यात.

सुरुवात दोन मिनिटांनी. दर पंधरवड्याला एक मिनिट वाढवा, सात मिनिटांवर थांबा. डोळे मिटणं ऐच्छिक ठेवा. ज्याला नको त्याने समोर हातभर अंतरावर फरशीकडे बघत बसावं. काही मुलांना डोळे मिटणं खरंच भीतिदायक वाटतं, त्यामागे काय असेल ते आपल्याला ठाऊक नसतं.

'मन रिकामं करा' ही सूचना कधीच देऊ नका, ते कुणालाच जमत नाही. काम द्या. पहिल्या आठवड्यात आवाज: लांबून जाणारी एसटी, शेजारच्या मळ्यातली मोटर, कबुतरं. फक्त ऐकायचं. दुसऱ्या आठवड्यात तळपाय जमिनीला कुठे टेकलेत ते. तिसऱ्यापासून श्वास. मन भटकणारच हे आधीच सांगा. भटकलं हे कळलं की परत यायचं, बस.

इथे एक गोष्ट जाणून घेतलेली बरी. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून जास्त मुलांवर याचा मोठा अभ्यास झाला, २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सरसकट सगळ्या वर्गाला शिकवलेल्या ध्यानाने मुलांचं मानसिक आरोग्य नेहमीच्या शिकवणीपेक्षा सुधारलं नाही, आणि बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही. माझ्या मते यातून ध्यान टाकून द्यावं असं निघत नाही. सक्ती नको, कंटाळवाणं नको, आणि यावरच सगळा भरवसा नको, एवढं नक्की निघतं. ज्याला बसायचं नाही त्याला मागच्या बाकावर चित्र काढू द्या.

कुणी रडू लागलं तर वर्गासमोर 'काय झालं?' विचारू नका. सगळ्यांना हळूच उभं करून खांदे सोडायला लावा, म्हणजे त्या मुलाकडे कुणाचं लक्ष जात नाही. तास संपल्यावर एकट्याला भेटा. 'काय व्हयनं?' एवढं विचारून थांबा. बोलायचं की नाही हे त्याला ठरवू द्या.

## टप्पा ८ : परीक्षेचे दिवस

जानेवारीनंतर नवीन काहीही शिकवू नका. जे अंगवळणी पडलंय तेच छोटं करून वापरायचं, आणि सराव परीक्षेतच त्याची तालीम करायची. दोन्ही पाय जमिनीला टेकवा, खांदे एकदा उचलून सोडा, तीन श्वास चार-सहाच्या मोजणीने, मग प्रश्नपत्रिका उघडा. अर्ध्या मिनिटाचं काम. एखादा प्रश्न अडला आणि हात थरथरायला लागले तर पुन्हा एक लांब श्वास सोडायचा आणि पुढचा प्रश्न घ्यायचा.

झोपताना अंथरुणातच: पायाची बोटं आवळायची, सोडायची. पोटऱ्या, मांड्या, मुठी, खांदे, चेहरा, त्याच क्रमाने. आश्रमशाळेच्या वसतिगृहात हे दिवे मालवताना एकाने सांगावं, बाकीच्यांनी करावं. घराची आठवण येऊन जागी राहणाऱ्या मुलांना याचा आधार होतो.

## टप्पा ९ : जिथे योग पुरणार नाही

दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा भूक गेलेली, मित्रांत मिसळणं थांबलेलं, अंगावर कापल्याच्या खुणा, 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशी भाषा. यातलं काहीही दिसलं तर आणखी प्राणायाम सांगू नका. मुलाला एकटं सोडू नका, मुख्याध्यापकांना आणि पालकांना त्याच दिवशी सांगा, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात पाठवा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. मुलाला घरातूनच त्रास असेल, दहावीनंतर लगेच लग्न लावण्याचं चाललं असेल, तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. 'घरच्यांना विचारून बघू' म्हणून थांबता येत नाही.

हे दोन्ही क्रमांक वर्गाच्या दारामागे चिकटवा. दर्शनी फलकावर लावले तर मुलं लोकांसमोर ते टिपून घ्यायला धजत नाहीत.

## टप्पा १० : तास गेला तर

दिवाळीनंतर पोर्शन मागे पडतो आणि सगळ्यात आधी आरोग्याचा तास जातो. कापूस वेचणीत हजेरीही घटते. याची तयारी सप्टेंबरमध्येच करा. प्रत्येक वर्गातून चार-पाच मुलंमुली निवडा, त्यात हुशार म्हणून ओळखली जाणारीच नकोत. त्यांना परिपाठानंतरची पाच मिनिटं चालवायला शिकवा: खांदे, ताडासन, बारा संथ श्वास. पहिल्या महिन्यात तुम्ही मागे उभे राहा, मग वर्गाबाहेर. परत आलेल्या गैरहजर मुलाला काय चुकलं ते हीच मुलं दाखवतात. निवडणुकीच्या ड्युटीला किंवा प्रशिक्षणाला तुम्हाला जावं लागलं तर जाताना वर्गशिक्षकांना फक्त एवढंच सांगून जा की ती पाच मिनिटं गणिताला घेऊ नका.